जुन्या कन्व्हर्टिबलच्या टपाची फ्रेम: हार्डवेअर शोधायचं की बनवून घ्यायचं? (नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न)

नाशकात जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसं कमी नाहीत, आणि ज्याच्याकडं ओपन गाडी (कन्व्हर्टिबल, म्हणजे घडी होणारा कापडी टप असलेली) आहे त्याचं घोडं शेवटी टपापाशी येऊन अडतंच. इंजिनाचा माणूस मिळतो, पेंटर मिळतो, कुशनवाला पण मिळतो, पण कापडाच्या खालचा जो लोखंडी सांगाडा असतो त्याच्या पिना, बुश, खटके, पट्ट्या यांचं काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही. तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. कापडाबद्दल इथं फार नाहीये, तो वेगळा विषय.

फ्रेमचं हार्डवेअर म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

आडव्या कमानी (यांना सगळे बो म्हणतात), त्यांना जोडणाऱ्या बाजूच्या पट्ट्या म्हणजे लिंक, लिंकच्या सांध्यातले रिव्हेट किंवा पिना, त्यातले बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) आणि वायसर, बॉडीला फ्रेम जिथं बसते तो ब्रॅकेट, विंडस्क्रीनवर टेकणारा पुढचा आडवा दांडा म्हणजे हेडर, हेडर आवळून धरणारे खटके आणि त्यांची समोरची कडी, आणि मग कापड अडकवायची बटणं, लूप, वादीचे बकल वगैरे किरकोळ. किरकोळ म्हटलं तरी गाडी उभी राहते ती त्यांच्यासाठीच.

फ्रेममध्ये बिघाड कुठंय हे कसं ओळखू? बाहेरून तर सगळं ठीक दिसतं.

कापड उतरवल्याशिवाय कळणार नाही. उतरवलं की फ्रेम अर्धवट उघडून धरा, एका माणसाला हेडर हातात धरून हळू वर-खाली हलवायला सांगा आणि तुम्ही एकेका सांध्यावर बोट ठेवत जा. चांगल्या सांध्यात दोन पट्ट्या फक्त फिरतात. घासलेल्या सांध्यात आधी 'टक्' करून सरकतात आणि मग फिरतात, ते बोटाला लगेच कळतं. रिव्हेटच्या डोक्याभोवती तपकिरी-काळ्या पावडरीची रिंग जमलेली दिसली तर तिथं लोखंड लोखंडावर घासतंय हे नक्की, ही पावडर म्हणजे तुमची पिन आणि तुमचं भोक, दोन्ही थोडं थोडं बाहेर आलेलं.

आता हे किती महत्त्वाचं आहे ते बघा. समजा सांध्यापासून लिंकचा छोटा हात १५० मिमी आहे आणि हेडर सांध्यापासून ९०० मिमी अंतरावर, तर छोट्या हाताच्या टोकाला १ मिमी ढिल असली की हेडरला ती ६ मिमी होऊन भेटते. म्हणून लोक खटक्याला दोष देतात, खटका बदलतात, ठोकून वाकवतात, आणि मूळ रोग मधल्या सांध्यात तसाच राहतो. पाहुणचार खटक्याचा आणि आजार दुसऱ्याला, असं चालतं सगळीकडं.

आधी जुनं शोधू की सरळ बनवायला टाकू?

माझं मत स्पष्ट आहे. जे गाडीच्या कंपनीनं स्वतःसाठी खास बनवलं होतं (खटका, ब्रॅकेट, ओतीव भाग) ते आधी शोधा. जे नुसतं कापून-भोक पाडून होतं (लिंक, पिना, बुश, वायसर) ते शोधण्यात वेळ घालवू नका, अंबडच्या एमआयडीसीत बनवा. आणि जी बटणं आजही कारखान्यात बनतात ती विकत घ्या, बनवायच्या भानगडीत पडू नका.

नाशकात बनवून घेणं हा प्रश्नच नाहीये, वायर कट (तारेतून वीज सोडून कापणारं मशीन), लेझर, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) सगळं दारात आहे. अडचण येते ती मूळ भाग कसा होता हे कळण्यात, कारण तुमच्या हातात जो आहे तो साठ-सत्तर वर्षं घासलेला, कुणीतरी वेल्डिंग मारलेला, वाकलेला आहे. त्याचं हुबेहूब माप घेऊन नवीन बनवला तर तुम्हाला नवा कोरा घासलेला भाग मिळतो.

नाशकात शोधायचं तर कुठं?

पूर्वी अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार हे पहिलं उत्तर असायचं. २०१७ मध्ये महापालिकेनं मोठी मोहीम काढून तो हटवला, नंतरही दुकानं परत लागणं आणि परत कारवाई होणं चालू राहिलं, त्यामुळं आज अमुक दुकान तिथंच सापडेल असं धरून जाऊ नका, विचारत विचारत जा. द्वारका, मुंबई नाका बाजूच्या जुन्या गॅरेजवाल्यांकडं माळ्यावर टाकलेला माल असतो, पण त्यांना 'कन्व्हर्टिबलचा पार्ट आहे का' विचारलं की ते 'नाही' म्हणणार, हातातला तुकडा किंवा फोटो दाखवला की मग आठवतं. जुन्या नाशकातल्या हार्डवेअरच्या दुकानांत लाकडात मारायचे पितळी स्क्रू, कडीकोयंडे, जुन्या मापाचे इंची बोल्ट अजून डब्यात पडलेले सापडतात, आणि ते फुकटच्या भावात मिळतात कारण आता कुणाला नकोत.

मुंबईला चोरबाजारची मटन स्ट्रीट आणि ऑपेरा हाऊसचं स्पेअरपार्टचं मार्केट, पुण्याला मंगळवार पेठेतला जुना बाजार जो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं जाताना खिशात व्हर्निअर आणि भागाचा पुठ्ठ्यावर काढलेला आकार ठेवा. 'असाच आहे साहेब' यावर विश्वास ठेवून पैसे देऊ नका.

परदेशातून मागवलं तर?

गाडीवर अवलंबून आहे. एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार, बीटल, मस्टँग, विलीज जीप यांचं बरंच हार्डवेअर आजही नवीन बनून विकलं जातं, एमजी-ट्रायम्फसाठी अमेरिकेतल्या मॉस मोटर्ससारखे जुने सप्लायर आहेत. कमी खपलेल्या मॉडेलचं मात्र काहीच मिळत नाही. मागवताना भागाची किंमत बघून खूश होऊ नका, त्यावर कुरिअर, कस्टम ड्युटी, आयजीएसटी चढतं आणि छोट्या पार्सलला कधीकधी भागापेक्षा वरखर्च जास्त होतो. म्हणून दोन-तीन जणांनी मिळून ऑर्डर टाकावी. अजून एक, नवीन बनलेले रिप्रॉडक्शन भाग जसेच्या तसे बसतात असं नाही, बसवताना थोडं फाइल मारावं लागेल हे धरूनच चाला.

बोल्ट दोन आटे जातो आणि अडकतो. काय करू?

थांबा आणि बाहेर काढा, पान्यानं जबरदस्ती करू नका. जुन्या गाडीत आट्यांची खिचडी असते. इंग्लिश गाडीत बीएसएफ (बारीक आटे), बीएसडब्ल्यू (व्हिटवर्थ, जाड आटे) आणि छोट्या स्क्रूंना बीए, अमेरिकनमध्ये यूएनएफ (बारीक) - यूएनसी (जाड), जर्मनमध्ये मेट्रिक. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं १९४८ मध्ये युनिफाइड आटे ठरवले, त्यामुळं पन्नाशीच्या दशकातल्या इंग्लिश गाडीत दोन्ही प्रकार एकाच वेळी सापडू शकतात. आणि एमजीची टी सिरीज तर कहर आहे, तिच्या एक्सपीएजी इंजिनाचे आटे मेट्रिक पण डोकी व्हिटवर्थ पान्याची, त्यामुळं पाना कुठला लागला यावरून आटे कुठले हे ठरवायचं नाही.

आटे मोजायचा गेज घ्या, स्वस्त असतो. पाव इंच व्यासाच्या बोल्टला एका इंचात बीएसएफचे २६ आटे, यूएनएफचे २८, म्हणून ते दोन आटे जाऊन अडकतात. पाव इंच बीएसडब्ल्यू आणि यूएनसी दोन्ही २० आट्यांचे, म्हणून एकमेकांत जातात, पण एकाचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, त्यामुळं नीट बसत नाहीत आणि धक्के बसले की ढिले होतात. सगळ्यात फसवा म्हणजे २ बीए, साधारण ४.७ मिमी व्यासाचा आणि ०.८१ मिमी पिचचा (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर). एम ५ चा पिच ०.८ आहे, त्यामुळं २ बीएचा स्क्रू एम ५ च्या भोकात आरामात जातो आणि आवळला की आटेच उपटून येतात. खटक्याची कडी बहुतेक अशाच छोट्या स्क्रूंवर असते, तेव्हा तिथं जुगाड नको. बीएसएफ आणि बीएचे टॅप-डाय एकदा सेट म्हणून घेऊन ठेवा, जुन्या इंग्लिश गाडीवाल्याला ते जन्मभर लागतात.

सांध्यातले रिव्हेट काढायचे कसे, आणि परत रिव्हेटच मारायचे का बोल्ट चालतील?

काढताना ज्या बाजूचं डोकं दिसत नाही त्या बाजूनं सुरुवात करा. डोकं ग्राइंडरनं सपाट करा, मधोमध सेंटर पंच, छोट्या ड्रिलनं थोडं आत जा आणि मग खालून जाड पाइपाचा आधार देऊन पंचनं ठोका. आधार न देता ठोकलं की पट्टी वाकते, आणि वाकलेली लिंक डोळ्याला सरळच दिसते हा खरा वैताग. काढायच्या आधी प्रत्येक सांध्याचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा, वायसर कुठं होता, पातळ का जाड, स्प्रिंग वायसर होता का, सगळं लिहून ठेवा आणि एका सांध्याचा माल एका पिशवीत.

परत बसवायला माझी पसंती शोल्डर बोल्टला. म्हणजे असा बोल्ट ज्याचा मधला भाग गुळगुळीत आणि जाड, पुढं बारीक आटे. ८ मिमी शोल्डरला एम ६ आटे, १० मिमीला एम ८, हे तयार पण मिळतात पण लांबी तुम्हाला हवी ती मिळेलच असं नाही, मग ईएन ८ स्टीलच्या ब्राइट बारमधून लेथवर काढून घ्यायचे. शोल्डरची लांबी पट्ट्या आणि वायसर यांच्या एकूण जाडीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी जास्त पाहिजे, म्हणजे नट पूर्ण आवळला तरी सांधा मोकळा फिरतो. लेथवाल्याला हे आकडे लिहून द्या, नाहीतर तो 'थोडं ढिल ठेवलंय' म्हणतो आणि ते अर्धा मिमी निघतं. नट नायलॉकच (आत नायलॉनची रिंग असलेला, आपोआप न सुटणारा).

ज्यांना ओरिजिनल दिसणं महत्त्वाचं आहे त्यांनी रिव्हेट मारावेत. गोल डोकं बनवायला रिव्हेटची शेपटी व्यासाच्या साधारण दीडपट बाहेर पाहिजे, आणि ठोकताना दोन पट्ट्यांच्या मधे ०.१ मिमीचा शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून ठोका, नंतर ओढून काढा, म्हणजे सांधा जाम होत नाही. ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेला एखादा फिटर ओळखीत असेल तर त्याच्याकडं जा. रिव्हेटच्या बाबतीत त्या लोकांचा हात वेगळाच असतो.

भोक अंडाकृती झालंय. वेल्डिंगनं भरून परत पाडू का?

शक्यतो नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं पट्टी ओढली जाते आणि दोन भोकांमधलं अंतर बदलतं, आणि या सगळ्या खेळात तेच अंतर देव आहे. त्यापेक्षा भोक मोठं करून बुश घाला. ८ मिमीचं भोक असेल तर ते १० मिमीला रीम करायचं (रीमर म्हणजे भोक बरोबर मापाला गुळगुळीत करणारं हत्यार), बाहेरून १० आणि आतून ८ असा गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा बुश दाबून बसवायचा. पण एक अट, मोठं भोक मूळ भोकाच्या केंद्रावरच पडलं पाहिजे, घासून सरकलेल्या केंद्रावर नाही. ड्रिल अंडाकृती भोकात आपोआप घासलेल्या बाजूला पळतं, म्हणून हातड्रिलवर हे काम होत नाही, मिलिंगवर पट्टी बांधून करा. मूळ केंद्र शोधायला भोकाची जी बाजू घासली नाही तिचा गोलाकार वापरा, त्यात बरोबर मापाची पिन टेकवून केंद्र मिळतं. भोकाच्या कडेला पट्टी फारच अरुंद उरत असेल तर मात्र बुशचा नाद सोडा, नवीन लिंक करा.

नवीन लिंक लेझर कटिंगनं होतील का?

बाहेरचा आकार लेझरनं, भोकं नाही. लेझरच्या भोकाला हलका उतार असतो आणि कडा कडक होते. म्हणून ८ मिमीचं भोक पाहिजे तर लेझरला ७ किंवा ७.५ द्या आणि नंतर ड्रिल-रीमर मारा, आणि डाव्या-उजव्या पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून एकदमच मारा, म्हणजे चूक झाली तरी दोन्हीकडं सारखी होईल आणि टप तिरका बसणार नाही. साधं एमएस (माइल्ड स्टील) चालतं, जाडी मूळ मोजून घ्या, आणि मोजायच्या आधी रंग आणि गंज खरवडा. जुन्या पट्टीवर रंगाचे इतके थर असतात की व्हर्निअर खोटं बोलतं.

लेझरला टाकायच्या आधी तोच आकार जाड पुठ्ठ्यात किंवा ३ मिमी प्लायमध्ये कापा, टाचण्या लावून जोडा आणि गाडीवर उघडझाप करून बघा. लोकांना हे पोरखेळ वाटतं. पण पुठ्ठा वाया गेला तर काही जात नाही.

उजव्या बाजूची लिंक आहे, डावीची हरवलीय. उजवीचीच कॉपी मारली तर?

कॉपी नाही, आरसा. सपाट पट्टी असेल तर तीच उलटी करून चालते, पण जिथं पट्टीला बाक आहे, पायरी आहे किंवा भोकाला एका बाजूनं काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं बसायची खोलगट कड) आहे तिथं डावं आणि उजवं वेगळं. ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात 'डावा १, उजवा १, आरशातला' असं लिहा आणि तोंडी पण सांगा. दोन उजवे हातात घेऊन बसलेली माणसं मी बघितली आहेत.

खटका तुटलाय, आतून राखाडी दाणेदार दिसतंय. वेल्डिंग होईल का?

ते मॅझॅक आहे, म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू. साधं वेल्डिंग मारलं तर डोळ्यांदेखत वितळून जाईल. खास सोल्डर लावून चिकटवणारे आहेत पण खटक्यावर सगळा ताण येतो, चालत्या गाडीत तो सुटला तर टप मागं उडतो आणि कमानी वाकतात, त्यामुळं चिकटवलेला खटका फक्त शोकेसमध्ये.

बनवायचाच तर तीन रस्ते. एकच पाहिजे असेल तर पितळ किंवा स्टीलच्या ठोकळ्यातून व्हीएमसीवर काढणं. चार-सहा जणांना पाहिजे असेल तर साचा करून ओतकाम. आणि आकार फार नाजूक असेल तर मेणाचा साचा करून इन्व्हेस्टमेंट कास्टिंग. ओतकामात धातू थंड होताना आक्रसतो, पितळ साधारण दीड टक्का, त्यामुळं जुना खटका जसाच्या तसा साच्यात दाबला तर नवीन लहान निघतो. आधी त्यावर बॉडी फिलर लावून जरा जाड करा किंवा मोठ्या मापाचा पॅटर्न बनवा. बरेच जण पितळ म्हटलं की तांबट लेनला जातात. तिथले कारागीर पत्रा ठोकून भांडी घडवण्यात वस्ताद आहेत, पण ओतकाम ही वेगळी कला, त्यासाठी फाउंड्रीच गाठा. पॉलिश-बफिंगसाठी मात्र भांडी बाजारच्या आसपास विचारा.

हूकाचं टोक आणि पिन पितळेची ठेवू नका, लवकर घासते. तेवढा भाग स्टीलचा घाला.

थ्रीडी प्रिंट करून लावला तर?

बसतो का बघायला आणि ओतकामाचा पॅटर्न म्हणून एकदम भारी. कायमचा म्हणून नको. पीएलए (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) साठ अंशाच्या आसपास मऊ पडतो आणि एप्रिलमधे उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा तेवढा तापू शकतो.

हेडरचं लाकूड कुजलंय. कुठलं लाकूड वापरू?

इंग्लिश गाड्यांत ॲश असायचं, चिवट आणि वाकणारं. आपल्याकडं सरळ हेडरला जुना साग उत्तम, वाड्याच्या तुळईचा मिळाला तर बघायलाच नको, तो मुरून-सुकून स्थिर झालेला असतो. वाकदार कमानीला साग वाफेवर नीट वाकत नाही, तिथं पातळ पट्ट्या इपॉक्सीनं एकावर एक चिकटवून साच्यात आवळायच्या. प्लायमधून कापणार असाल तर आयएस ७१० शिक्का बघून मरीन प्लाय घ्या.

कापड ठोकायला लोखंडी चुका वापरू नका, पहिल्या पावसाळ्यात गंजून लाकूड आणि कापड दोन्ही खातात. तांब्याच्या चुका किंवा स्टेनलेसचे स्टेपल.

बटणं कुठली? कुशनवाला म्हणतो साधं टिचबटण लावून देतो.

टिचबटण आतल्या पडद्याला ठीक. बाहेर, ताणाच्या जागी, लिफ्ट-द-डॉटच पाहिजे. ते तीन बाजूंनी पकडतं आणि फक्त ठिपका असलेल्या बाजूनं उचललं की सुटतं, म्हणून वाऱ्यानं सुटत नाही. ठिपका कुठल्या दिशेला येतो ते लावताना बघा, उलटा लावला तर टप ताणला की आपोआप निसटणार. दुसरा प्रकार टेनॅक्स, त्याची घुंडी वर ओढली की सुटतो. तिसरं फिरवायचं बटण, अंडाकृती आयलेटमधून घालून आडवं करायचं. तुमच्या गाडीला मुळात कुठलं होतं ते बॉडीवरच्या जुन्या भोकांवरून कळतं. बाजारात घेताना खिशात लोहचुंबक ठेवा, चिकटलं तर पितळ नाही. आणि कापडाला भोकं शेवटी, टप बसवून, ताणून, उन्हात थोडा वेळ ठेवून मग. कुशनवाल्याला घाई असते, तुम्ही घाई करू नका.

प्लेटिंग करू का रंग?

लिंकला रंग बरा. पिना आणि बोल्टना झिंक. दिसणाऱ्या खटक्याला निकेल-क्रोम, पण प्लेटिंगनं जाडी वाढते हे धरून पिनेची भोकं आधीच किंचित मोकळी ठेवा. स्प्रिंगवर प्लेटिंग करायचंच असेल तर प्लेटिंगवाल्याला लगेच भट्टीत १९० ते २०० अंशावर काही तास भाजायला सांगा. ॲसिडमधला हायड्रोजन कडक स्टीलमध्ये शिरतो आणि भाजलं नाही तर स्प्रिंग एक दिवस न सांगता मोडते.

अमेरिकन गाडी आहे, टप बटणावर उघडायचा, आता मरून पडलाय.

आधी हातानं फ्रेम मोकळी फिरते का बघा, पंपाकडं नंतर. जाम फ्रेमला मोटर लावली की काहीतरी वाकणार. हायड्रॉलिक असेल तर जुन्या गाड्यांत ब्रेक फ्लुइड असायचं, नंतरच्यांत ट्रान्समिशन फ्लुइड. दोन्हीची सीलं वेगळ्या रबराची, त्यामुळं अदलाबदल केली तर सीलं फुगून बाद. सिलिंडरची सीलं बदलता येतात, सातपूर-अंबडला हायड्रॉलिक रिपेअरवाले हे काम सहज करतात.

माझी स्टँडर्ड हेराल्ड आहे. कुणीतरी छप्पर काढून ओपन केलीय, फ्रेम देशी बनावटीची आहे.

हेराल्डला वेगळी चासी आहे आणि छप्पर बोल्टनं बसवलेलं, त्यामुळं ती उघडी करणं सोपं होतं आणि बऱ्याच झाल्या. अशा फ्रेमला ओरिजिनल भाग शोधत बसू नका, बसणारच नाहीत. आहे ती भूमिती मोजा, ढिले सांधे बदला. आणि पैसे असतील तर मूळ इंग्लिश ट्रायम्फ हेराल्ड कन्व्हर्टिबलची पूर्ण फ्रेम मागवा, पण तिचे बॉडीवरचे माउंटिंग तुमच्याकडं नसतील, ते करावे लागतील.

जुनी महिंद्रा जीप?

सगळ्यात सोपं काम. पाइपच्या कमानी, दोन ब्रॅकेट, वाद्या, बकल. कुठलाही चांगला फॅब्रिकेटर दोन दिवसांत देईल. पाइप वाळू भरून किंवा बेंडरवर वाकवा, कापून जोडू नका.

आख्खी फ्रेमच नाही. शून्यातून होईल?

टूरर असेल, म्हणजे बाजूच्या काचा नसलेली आणि साध्या कमानींची, तर होईल. खिडकीच्या काचा वर येऊन टपाला टेकतात अशी ड्रॉपहेड असेल तर डोकं धरून बसाल, कारण तिथं बाजूची रेल उघडताना तुटत तुटत घडी होते आणि प्रत्येक सांधा काचेच्या रेषेत यावा लागतो. अशा वेळी त्याच मॉडेलची दुसरी गाडी शोधा, मालकाची परवानगी घेऊन टप उघडलेला, अर्धवट आणि बंद अशा तिन्ही अवस्थांत फ्रेमचे बाजूनं फोटो काढा, सांध्यापासून सांध्यापर्यंतची अंतरं घ्या. फोटो लांबून आणि झूम करून घ्या, जवळून काढला की मापं वेडीवाकडी येतात. मग ती भूमिती ८ बाय ४ च्या प्लायवर पूर्ण मापात उतरवा.

एमआयडीसीतला कुणी एका नगाचं काम घेतच नाही.

त्यांचंही बरोबर आहे. मशीनवर सेटिंग करायला जितका वेळ जातो तितका एका पिनेसाठी परवडत नाही, म्हणून एका नगाचा आणि पाच नगांचा भाव जवळपास सारखाच येतो. मोठ्या वेंडरकडं जाऊ नका, अंबड-सातपूरच्या गाळ्यांत एक लेथ, एक मिलिंग घेऊन बसलेली छोटी जॉबवर्कवाली मंडळी असतात, त्यातही मायकोसारख्या (आताची बॉश) कंपनीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेला कुणी असेल तर सोनं. महिनाअखेरीला जाऊ नका, तेव्हा त्यांना डिस्पॅचची घाई असते. सगळे सांधे मोजून एकदम ऑर्डर द्या, दोन सेट करून घ्या. सँपल सोबत द्या पण ड्रॉइंगशिवाय देऊ नका, आणि सँपल परत घ्यायला विसरू नका.

आरटीओचा काही प्रॉब्लेम?

टपाचे सांधे दुरुस्त केल्यानं काही होत नाही. पण २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल, ज्यात नंबरात 'व्हीए' येतं, तर चासी, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा. पक्क्या छपराची (सलून) गाडी कापून ओपन केली असेल तर ती तिथं अडकू शकते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, आणि अशी गाडी रोज वापरायला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं वगैरेपुरतीच. नेहमीच्या एमएच १५ नंबरवर चालत असेल आणि कागद चालू असतील तर घाईनं बदलू नका.

सगळा माल आला. बसवायचा क्रम काय?

आधी दरवाजे. दरवाज्याच्या फटी सारख्या नसतील तर टप कधीच नीट बसणार नाही, तुम्ही कितीही चांगले बुश घाला. मग विंडस्क्रीनच्या फ्रेमचा कोन. मग उघडी फ्रेम, कापडाशिवाय, बोल्ट अर्धवट आवळून, बऱ्याच वेळा उघडझाप करून. हेडर दोन्ही कोपऱ्यांत एकाच वेळी टेकला पाहिजे. मग खटके. मग कमानींमधलं अंतर धरून ठेवणाऱ्या वाद्या, त्या जुन्यांच्या मापानं लावा, कारण कापडाची शिवण त्याच अंतरावर येते. सगळ्यात शेवटी कापड. आणि हो, उघडझाप करताना बोटं सांभाळा, लिंक अडकित्त्यासारख्या मिटतात आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्या पोरांची बोटं बरोबर तिथंच असतात.

नंतर देखभाल काय?

सांध्यांना वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ड्राय पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे. तेल-ग्रीस नको, ते झिरपून कापडावर डाग पाडतं आणि धूळ धरतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला भिजून आलात तर ओला टप मिटवून ठेवू नका, पूर्ण वाळेपर्यंत वर ताणून पसरलेलाच ठेवा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी आणि आतल्या पिनांना गंज. थंडीत निफाडकडं पारा उतरतो त्या दिवसांत सकाळी सकाळी व्हिनाइलचा टप घडी करू नका, कडक झालेलं व्हिनाइल घडीवर तडकतं आणि तुम्ही जोर लावता तो सगळा मधल्या सांध्यावर जातो. ऊन वर येऊ द्या, मग उघडा.